अमेरिकेहून आलेले 'सीएसआय'चे डीव्हीडी संच पुण्यात बघताना: अंधारातला पुरावा दिसायला हवा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका घरी अमेरिकेतल्या नातेवाइकांनी 'सीएसआय' या लास व्हेगासमधल्या वैज्ञानिक गुन्हेतपासाच्या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या पाच सीझनचे मूळ डीव्हीडी संच आणून दिले. घरच्या प्लेअरमध्ये डिस्क टाकली की 'रीजन चुकीचा आहे' असा संदेश येतो. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह लावून तो एचडीएमआय वायरीने टीव्हीला जोडला तर भाग सुरू होतो, पण रात्रीचे आणि शवागारातले प्रसंग काळेभोर दिसतात. संवाद भराभर जातात आणि आईवडिलांना सबटायटलशिवाय कळत नाहीत. पेटीवर इंग्रजी कॅप्शन असल्याचं लिहिलंय, पडद्यावर मात्र ती उमटत नाहीत. शिवाय यात दाखवतात त्यातलं खरं किती आणि आपल्याकडे हे कसं चालतं, हेही विचारलं आहे.

कौटुंबिक मालिकेत चित्र थोडं खराब असलं तरी संवादांवर गोष्ट पुढे जाते. इथे गोष्टच चित्रात असते. गालिच्याच्या कडेला पडलेला धागा, नखाखालचा रंगाचा कण, टाइलच्या सांध्यातला तपकिरी डाग कॅमेरा दोन सेकंद दाखवतो आणि पुढे जातो. तो डाग टीव्हीने काळ्यात बुडवला तर शेवटचा उलगडा आभाळातून पडल्यासारखा वाटतो, आणि मग 'काहीही दाखवतात' म्हणत माणूस कंटाळतो. म्हणून आधी यंत्रं नीट लावून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि या पाच सीझनचे मिळून ११७ भाग, म्हणजे सुमारे ८५ तास बघायचे आहेत.

रीजनपासून सुरुवात करू. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. अमेरिका १ मध्ये, ब्रिटन, बहुतेक युरोप आणि जपान २ मध्ये, भारत ५ मध्ये. रीजन ५ वर बांधलेला प्लेअर रीजन १ ची डिस्क नाकारतो. ती डिस्क खराब नाही आणि प्लेअरही बिघडलेला नाही. बाजारातले बरेच साधे प्लेअर रिमोटवरून काही ठरावीक आकडे दाबून उघडणाऱ्या छुप्या मेनूतून 'सर्व रीजन' करता येतात. हे आकडे मॉडेलगणिक वेगळे असतात, त्यामुळे एका मॉडेलचे दुसऱ्यावर चालत नाहीत. नवा किंवा वापरलेला प्लेअर घ्यायला पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत जाणार असाल तर संचातली एक डिस्क बरोबर न्या आणि दुकानातच लावायला सांगा. मेनू उघडला म्हणून थांबू नका, भाग सुरू होऊन दोन मिनिटं चालू द्या. काही प्लेअर मेनूपर्यंत नीट जातात आणि मग अडतात.

लॅपटॉपच्या ड्राइव्हची गोष्ट वेगळी आहे. रीजन पाच वेळाच बदलता येतो आणि पाचव्या वेळी निवडाल तो कायमचा राहतो. ही मोजणी ड्राइव्हच्या आतल्या चिपमध्ये असते, त्यामुळे विंडोज नव्याने टाकूनही ती शून्यावर येत नाही. घरात भारतीय आणि अमेरिकन दोन्ही डिस्क असतील तर ड्राइव्हचा रीजन उलटसुलट करत बसू नका. व्हीएलसी हा मोफत प्लेअर बऱ्याच ड्राइव्हवर रीजन न विचारता डिस्क चालवतो. विंडोज १० आणि ११ मध्ये डीव्हीडी चालवणारं काही आधीपासून नसतं, म्हणून तो तसाही टाकावाच लागतो. पुढेमागे ब्लू-रे घ्यायचा विचार असेल तर तिथली विभागणी निराळी आहे: अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. डीव्हीडीसाठी सर्व रीजन झालेला प्लेअर ब्लू-रेसाठीही तसाच असेल हे गृहीत धरू नका.

काही घरांत डिस्कबरोबर अमेरिकेतून प्लेअरही आणलेला असतो. त्याच्या मागची पट्टी वाचल्याशिवाय तो भिंतीच्या सॉकेटमध्ये लावू नका. '१००–२४० व्होल्ट' असेल तर फक्त पिनेचा अडॅप्टर पुरतो. नुसतं '१२०' असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, नाहीतर आपल्या २३० व्होल्टवर त्याचा वीजपुरवठा भाग पहिल्याच मिनिटाला जळतो.

अमेरिकन डिस्क एनटीएससी पद्धतीची असते: ४८० ओळी, सेकंदाला जवळपास ३० चित्रं. आपली जुनी पद्धत पाल: ५७६ ओळी, सेकंदाला २५. आजचे सपाट टीव्ही दोन्ही घेतात. अडचण करतो तो प्लेअर. त्याच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार 'पाल' ठेवलेला असेल तर तो प्रत्येक चित्राचं रूपांतर करत बसतो आणि हालचाल अडखळते. तिथे 'ऑटो' किंवा 'मल्टी' निवडा. तपासायला फार सोपी जागा आहे: या मालिकेत दर थोड्या वेळाने लास व्हेगासचं रात्रीचं आकाशातून टिपलेलं दृश्य येतं. दिव्यांच्या रांगा सरकताना झटके देत असतील तर रूपांतर चालू आहे असं समजा. जुन्या, फक्त पाल घेणाऱ्या काचेच्या टीव्हीवर हीच डिस्क काळीपांढरी किंवा वर सरकत राहणारी दिसते. तिथे प्लेअरचं रूपांतर चालू ठेवण्यावाचून इलाज नाही.

उलट बाजूही माहीत असावी. सेकंदाला २४ चित्रांवर केलेलं काम पाल डिस्कवर २५ च्या वेगाने पळवलेलं असतं. ४४ मिनिटांचा भाग सव्वाबेचाळीस मिनिटांत संपतो आणि आवाज अर्ध्या सुराहून थोडा कमी चढतो. ब्रिटनहून आलेले संच घेतले तर हा फरक कानाला जाणवू शकतो. तिथे एकेका सीझनचे दोन भाग करून विक्री झाली होती, तेव्हा जुने संच विकत घेताना दोन्ही अर्धे हातात आहेत ना, ते बघा.

आता काळोख. तुमच्या वर्णनावरून दोष जवळजवळ निश्चित सांगता येतो. चित्रातल्या उजेडाच्या पायऱ्या दोन पद्धतींनी पाठवतात. डीव्हीडी आणि टीव्हीच्या जगात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. संगणकाच्या जगात काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. लॅपटॉप ० ते २५५ पाठवतोय आणि टीव्ही १६ ते २३५ची अपेक्षा धरून बसलाय. म्हणजे १६च्या खालचं सगळं तो सरसकट काळं करतो, आणि नेमका तिथेच तुमचा पुरावा असतो. उपाय तीन आहेत, त्यातला एकच करायचा. टीव्हीत त्या एचडीएमआय इनपुटचं नाव 'पीसी' करा. किंवा टीव्हीच्या चित्र सेटिंगमध्ये 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' असेल तर ते 'फुल' किंवा 'हाय' करा. किंवा लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये आउटपुट 'लिमिटेड' करा. दोन उपाय एकदम केलेत तर उलटा बिघाड होतो: काळा रंग राखाडी होतो आणि सगळं चित्र धुक्यात बुडाल्यासारखं दिसतं. स्वतंत्र प्लेअर लावाल तेव्हा हे परत मूळ जागी न्या, कारण प्लेअर साधारणतः १६ ते २३५च पाठवतो.

एवढ्याने बहुतेक काम होईल. त्यानंतर टीव्हीचं 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड काढून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' लावा. वीज वाचवणारा मोड आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा, दोन्ही अंधाऱ्या प्रसंगात उजेड आपोआप खाली ओढतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ही मालिका फिल्मवर चित्रित झालेली आहे आणि त्या सोयीने ती स्टुडिओतल्या बातम्यांसारखी दिसते. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. लोक इथे हटकून चुकतात, कारण शार्पनेस वाढवला की पहिल्या क्षणी चित्र स्पष्ट वाटतं. प्रत्यक्षात तो कडांभोवती पांढरी रेघ काढतो, आणि केस, धागे, बोटांचे ठसे अशा बारीक गोष्टी त्या रेघेत हरवतात. डीव्हीडीच्या एका चित्रात ७२० गुणिले ४८०, म्हणजे साडेतीन लाखांच्या आत ठिपके असतात. फोर-के टीव्हीत ८३ लाख. टीव्ही एका ठिपक्याचे २४ करतो. नसलेला तपशील शार्पनेसने येणार नाही. ५५ इंची टीव्ही असेल तर कोचाची जागा दहा फुटांवर ठेवा, सहा फुटांवरून तेच चित्र मऊ आणि पसरट दिसतं.

सगळं लावून झालं की परीक्षा घ्यायला पाचव्या सीझनचा शेवट काढा. २४वा आणि २५वा भाग मिळून एकच कथा आहे आणि दिग्दर्शन क्वेंटिन टॅरेंटिनो यांचं आहे. मे २००५ मध्ये ती प्रथम दाखवली गेली. त्यातला बराच वेळ एका बंद पेटीच्या आत, अगदी थोड्या हिरवट उजेडात जातो. पेटीतल्या माणसाचे केस आणि त्यामागची काळी बाजू वेगळी दिसली तर तुमचा टीव्ही बरोबर लागला. फक्त मिनिटभर बघून थांबा, नाहीतर पाच सीझनचा कळस आधीच कळेल. ज्यांना कोंडल्या जागेची भीती वाटते त्यांना हा भाग आधी सांगून मगच दाखवावा.

टीव्हीला एचडीएमआय नसलेला जुना प्लेअर जोडत असाल तर पिवळा-पांढरा-लाल वायरींत एक गंमत होते. नव्या टीव्हींत या तिघांसाठी हेडफोनसारखं एकच भोक असतं आणि त्याची अडॅप्टर वायर वेगळी येते. या वायरींतली जोडणी सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. चित्र नाही आणि स्पीकरमधून घरघर येते, असं झालं तर पिवळी आणि लाल पिन अदलाबदल करून बघा. चित्र आलं पण काळंपांढरं, तर पिवळी पिन हिरव्या भोकात गेलीय आणि टीव्ही कंपोनंट इनपुटवर आहे.

पडद्याचा आकार पेटीच्या पाठीवरून ठरवा. 'वाइडस्क्रीन' असेल तर प्लेअरला टीव्हीचा आकार १६:९ सांगा. 'फुल स्क्रीन' असेल तर डाव्या-उजव्या बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. त्या घालवायला चित्र ताणलं की चेहरे रुंद होतात, आणि झूम केलं की वरखालचा भाग कापला जातो. सूक्ष्मदर्शकाची दृश्यं या मालिकेत पडद्याच्या कडेपर्यंत भरलेली असतात. टीव्हीतलं 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' चालू ठेवा, नाहीतर चारी कडांचा थोडा भाग तसाही जातो.

सबटायटलचा गुंता रीजन १ च्या डिस्कवर नेहमी होतो. पेटीवर 'सीसी' लिहिलेलं असणं आणि 'सबटायटल' लिहिलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीसी म्हणजे क्लोज्ड कॅप्शन. जुन्या अमेरिकन टीव्हीच्या सिग्नलमध्ये २१व्या ओळीत ती लपवलेली असत. एचडीएमआय ती ओळ पुढे नेत नाही, म्हणून प्लेअरवर कितीही बटणं दाबली तरी ती दिसणार नाहीत. व्हीएलसी मात्र ती वाचतो: भाग चालू असताना सबटायटलच्या यादीत 'क्लोज्ड कॅप्शन्स १' निवडा. म्हणजे आईवडिलांबरोबर बघायचं असेल तर या संचांसाठी लॅपटॉपचाच मार्ग सोयीचा. आवाजाचंही तसंच. डिस्कवर ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा) आणि साधा स्टिरीओ असे दोन मार्ग असतील आणि तुमच्याकडे फक्त टीव्हीचे स्पीकर असतील तर स्टिरीओ निवडा. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात आणि दोन स्पीकरवर आणताना ते पार्श्वसंगीताखाली दबतात. प्लेअरमधला 'नाइट मोड' मोठे आवाज खाली आणि हळू आवाज वर आणतो. शेजाऱ्यांसाठी म्हणून तो दिलेला असला तरी संवाद ऐकू येण्यासाठी तो दिवसाही लावावा.

डिस्कची काळजी पुण्यात मुख्यतः पावसाळ्याची आहे. जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात डिस्क ठेवू नका. पुठ्ठ्याच्या पेट्यांना बुरशी धरते आणि तिथून ती डिस्कवर येते. खणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीच्या सुमारास एकदा बदला. डिस्क उभ्या ठेवायच्या. काढताना मधला गुंडा दाबून मगच उचला. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात, आणि कडेला धरून वाकवत काढली की मधल्या भोकाशी तडा जातो. पुसायचं ते मऊ कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नका. माहिती गोल मार्गावर लिहिलेली असते, त्या मार्गाने गेलेला ओरखडा लेझरला सलग लागतो आणि चुका दुरुस्त करण्याची यंत्रणा हरते. आडवा ओरखडा ती सहज ओलांडते. चिकट डाग असेल तर पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचा एक थेंब पुरे. टूथपेस्ट घासण्याचा घरगुती उपाय करू नका, त्याने एका ओरखड्याचे शंभर होतात. आणि भागाच्या मध्येच चित्र अर्धा सेकंद थबकलं तर घाबरू नका. ८.५ जीबीच्या डिस्कमध्ये दोन थर असतात आणि लेझर एका थरावरून दुसऱ्यावर जाताना जुने प्लेअर तेवढे थांबतात. दर वेळी त्याच जागी थबकत असेल तर हेच कारण.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी डिस्क मिळतात आणि मूळ संचही कधी हाती लागतात. खालची बाजू उलटून बघा. मूळ छापील डिस्क रुपेरी किंवा किंचित सोनेरी असते, घरी लिहिलेली जांभळट. जांभळट डिस्क घेऊ नका. कॉपीराइटचा मुद्दा आहेच, शिवाय हिशेब बघा. मूळ ८.५ जीबीच्या डिस्कवर चार भाग असतील तर प्रत्येकाला सेकंदाला सहा मेगाबिटच्या वर जागा मिळते. नकली ४.७ जीबीच्या डिस्कवर बारा भाग कोंबले की सव्वा मेगाबिटही मिळत नाही. कपात पहिल्यांदा अंधाऱ्या भागात होते आणि शवागाराच्या भिंतीवर चौकोन नाचायला लागतात.

बघायचा क्रम. 'सीएसआय' ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झाली आणि २०१५ पर्यंत चालली. दुसऱ्या सीझनचा २२वा भाग तुम्हाला मध्येच मायामीला घेऊन जाईल. नव्या मायामी मालिकेची ती पायाभरणी होती, आणि मायामीच्या दुसऱ्या सीझनमधून तशीच न्यूयॉर्कची मालिका निघाली. पहिल्या पाच सीझनपुरतं तुम्हाला याचं फार अडणार नाही. पुढे गेलात तर दहाव्या सीझनचा सातवा भाग एकटा बघू नका: आधी मायामीच्या आठव्या सीझनचा सातवा, मग न्यूयॉर्कच्या सहाव्याचा सातवा, मग हा. नोव्हेंबर २००९ मध्ये एकच कथा तीन मालिकांत चालवली होती.

आता बघण्याची पद्धत. घरच्या डिस्कचं सगळं बळ थांबवण्याच्या आणि मागे नेण्याच्या बटणात आहे. प्रसारणाच्या वेळी प्रेक्षकाला हे हाती नव्हतं, आणि मालिका लिहिणाऱ्यांनी पुरावा मात्र प्रामाणिकपणे पडद्यावर ठेवलेला आहे. बहुतेक भागांत दोन गुन्हे समांतर चालतात. दोन पानं आखा, प्रत्येकावर चार रकाने: काय सापडलं, कुठे, कोणी उचललं, कोणत्या चाचणीने काय निघालं. पहिल्यांदा भाग न थांबवता जाहिरातींच्या तिसऱ्या खंडापर्यंत बघा. डिस्कवर जाहिराती नाहीत, पण पडदा काळा होऊन पुन्हा उजळतो ती जागा तशीच आहे. तिसऱ्या काळ्या पडद्यावर थांबा. साधारणपणे इथवर आवश्यक सगळा पुरावा येऊन गेलेला असतो आणि संशय मात्र चुकीच्या माणसावर असतो. मग घटनास्थळाच्या पहिल्या प्रसंगाकडे परत जा आणि चित्र एकेक फ्रेम पुढे न्या. व्हीएलसीवर त्यासाठी 'ई' हे अक्षर आहे. घरातल्या प्रत्येकाने आपलं मत कागदावर लिहावं, मगच पुढे चालू करावं. पडद्यामागच्या गप्पांचा वेगळा ध्वनिमार्ग डिस्कवर असेल तर तो भाग पूर्ण बघून झाल्यावर लावा. त्यात बोलणारे पहिल्याच मिनिटात खुनी सांगून मोकळे होतात.

खरं किती, याचं उत्तर असं: वस्तू आणि रसायनं बरीचशी खरी, वेळ खोटा, आणि माणसांची कामं एकत्र केलेली.

ल्युमिनॉल घ्या. फवारलं की रक्तातल्या लोहामुळे हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर त्याची क्रिया होते आणि निळसर उजेड निघतो. हे खरं आहे. पण तो उजेड अर्ध्या मिनिटाच्या आसपास टिकतो, पूर्ण अंधार लागतो आणि कोणत्याही दिव्याची गरज नसते. ब्लीचने पुसलेली फरशी, तांब्याचं भांडं यांनाही तो उजळतो. म्हणून त्यावरून 'इथे रक्त असू शकतं' इतकंच म्हणता येतं. मालिकांमध्ये निळा दिवा फिरवला की रक्त चमकताना दाखवतात, ते मात्र चूक. रक्त त्या दिव्यात प्रकाश शोषतं आणि काळं दिसतं. नारिंगी चष्म्यातून चमकतात ते वीर्य आणि लाळ यांचे डाग. कापसाचा बोळा गुलाबी होतो ती रक्ताची केसल-मायर चाचणी. तिथे क्रम बघा. चाचणीचं रसायन टाकल्यावर, पेरॉक्साइडच्या आधीच बोळा गुलाबी झाला तर चाचणी बाद धरतात.

बोटांच्या ठशांची यंत्रणा पडद्यावर चेहरे फिरवत फिरवत एकावर थांबते. प्रत्यक्षात संगणक जवळच्या ठशांची यादी देतो आणि जुळतो की नाही हे प्रशिक्षित माणूस भिंगाखाली ठरवतो. आपल्याकडे २०२२ पासून राष्ट्रीय पातळीवर अशी संगणकीय यंत्रणा आहे. आणि या विद्येत आपण पाहुणे नाही: पहिला फिंगरप्रिंट ब्यूरो १८९७ मध्ये कोलकात्यात निघाला आणि तिथे वर्गीकरणाचं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी उभं केलं. कागदावरचे ठसे निनहायड्रिनने जांभळे होतात. ते घामातल्या अमिनो आम्लांवर चालतं, म्हणून भिजलेल्या कागदावर त्याचा उपयोग नाही. प्लास्टिकवर सुपरग्लूच्या वाफा देतात. नदीतून काढलेल्या चिठ्ठीवर कोणी निनहायड्रिन वापरताना दिसला तर वहीत नोंद करा.

डीएनएचा अहवाल पुढच्या प्रसंगात हजर होतो. प्रत्यक्षात डाग वेगळा काढणं, डीएनए बाहेर काढणं, मोजणं, पीसीआरच्या, म्हणजे प्रती काढण्याच्या प्रक्रियेच्या २८ ते ३० फेऱ्यांनी वाढवणं, केसासारख्या बारीक नळीतून वेगळं करून वाचणं, हे सगळं सुरळीत झालं तरी कामाचा पूर्ण दिवस जातो. त्याआधी तो नमुना रांगेत आठवडे, महिने पडलेला असतो. गालाच्या आतल्या नमुन्यावर दीड-दोन तासांत काम करणारी यंत्रं आता आहेत, पण पुसट, मिसळलेल्या डागासाठी ती नव्हेत.

मृत्यूची वेळ ही माझ्या मते सर्वात सावधपणे बघायची गोष्ट. 'रात्री दहा ते अकरा' असं पडद्यावर छातीठोक सांगतात. शरीर साधारण ३७ अंशांवरून खोलीच्या तापमानाकडे थंड होत जातं, यावर तो हिशेब असतो. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत ४० अंश असतील तर शरीर थंड होतच नाही आणि हिशेब तिथेच संपतो. मृत्यूनंतर शरीराला येणाऱ्या ताठरपणाचा ढोबळ नियम आपल्याकडे बारा-बारा-बारा असा शिकवतात: बारा तासांत चढतो, बारा तास राहतो, बारा तासांत उतरतो. उन्हाळ्यात तो लवकर चढतो आणि लवकर उतरतो. मालिकेतला तपास पथकाचा प्रमुख ग्रिसम कीटकांवरून वेळ काढतो, ती विद्या खरी आहे. पण अळीची वाढ तापमानावर चालते, तेव्हा नेवाडाच्या वाळवंटातला हिशेब मुळशीच्या पावसात जसाच्या तसा लागू होत नाही.

सगळ्यात मोठा फरक माणसांच्या कामात आहे. पडद्यावर एकच व्यक्ती पुरावा उचलते, तपासते, संशयिताची उलटतपासणी घेते आणि अटकेलाही जाते. आपल्याकडे तपास अधिकारी वेगळा. पंचांसमक्ष पंचनामा. शवविच्छेदन सरकारी रुग्णालयातला डॉक्टर करतो, शहरातली अनेक प्रकरणं ससूनला जातात. मृत्यूचं कारण तिथेच ठरलं नाही तर 'व्हिसेरा राखून ठेवला' हे वाक्य बातमीत येतं. म्हणजे पोटातल्या अवयवांचे तुकडे संपृक्त मिठाच्या पाण्यात ठेवून रासायनिक तपासणीला पाठवले. फॉर्मलिनमध्ये ठेवले तर विषाच्या तपासणीत ते अडथळा आणतं, म्हणून मीठ. वस्तू मुद्देमाल म्हणून नोंदवून लाखेचं सील लावून प्रयोगशाळेत जातात. पुण्यात ती गणेशखिंडची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. तिथला विश्लेषक आरोपीला बघत नाही. त्याच्यासमोर सीलबंद पुडकं आणि पत्र येतं, आणि सील शाबूत होतं का, ही अहवालातली महत्त्वाची नोंद असते. पोलीस आणि वकील ज्याला 'सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट' म्हणतात तो हा अहवाल.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने यात बदल आणलाय. कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण व्हायचं. राज्यांना हे अमलात आणायला पाच वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे तज्ज्ञ घटनास्थळी, हे दृश्य आता आपल्याकडेही कायद्याने अपेक्षित आहे. आणि 'सीआयडी' या हिंदी मालिकेमुळे अनेकांना तो विभाग मुंबईतला वाटतो. महाराष्ट्राच्या गुन्हे अन्वेषण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे. ती मालिका जानेवारी १९९८ मध्ये, म्हणजे 'सीएसआय'च्या अडीच वर्षांहून अधिक आधी सुरू झाली. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरवर गोष्ट तोलण्याची सवय आपल्या प्रेक्षकाला तिनेच लावली. आईवडिलांना इंग्रजी जड गेलं तर त्यांना या विषयाची गोडी लावायला ती चांगली सुरुवात आहे.

लहान मुलं घरात असतील तर शवविच्छेदनाचे प्रसंग त्यांच्यासाठी नाहीत. डिस्कवर भागाचे तुकडे पाडलेले असतात, पण असे प्रसंग तुकड्याच्या मध्येही येतात, तेव्हा पुढच्या तुकड्यावर उडी मारून सगळं टळेल असं समजू नका. मुलं झोपल्यावरच लावा.

पहिल्या दोन-चार भागांत सगळंच तपासायला जाऊ नका, वही भरते आणि गोष्ट सुटते. एकच गोष्ट धरा: पुरावा कोणत्या पिशवीत जातो. रक्ताचा ओला कपडा सावलीत वाळवून कागदात बांधायचा असतो. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी आणि जंतू वाढतात आणि डीएनए तुटतो. मग थांबवून बघा, कपडा ओला होता का, आणि हातात आलेली पिशवी तपकिरी कागदाची आहे की पारदर्शक.